सोळा हजारांत भाडं किती?

शाळा सुरू होऊन चारच दिवस झाले होते. रविवारी सकाळी एक नवी शिक्षिका माझ्या कर्जतच्या घरी आली. मालेगावची मुलगी. पवित्र पोर्टलवरून निवड होऊन खालापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका उर्दू शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागलेली. ओळखीतल्या कुणीतरी माझा नंबर दिला होता. मी चहा टाकेपर्यंत तिने विचारलंही, "आपा, सात हजार भाडं मला परवडेल का? संध्याकाळपर्यंत हो-नाही सांगायचंय." (ती बोलत होती उर्दूत, मालेगावच्या ढंगाची. इथे मी मराठीत लिहितेय.)

"हातात किती येणार?"

"सोळा."

मग मी चहा बाजूला ठेवला आणि वही घेतली.

सोळा हजार हा आकडा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या राज्यात नवा शिक्षक आधी तीन वर्षं 'शिक्षणसेवक' असतो. त्याला पगार नसतो, मानधन असतं. जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,०००. त्याआधी हेच आकडे ६,०००, ८,००० आणि ९,००० होते, म्हणजे वाढ मोठीच झाली. पण मानधनावर महागाई भत्ता नाही, घरभाडे भत्ता नाही. एक बरं, एप्रिल २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना व्यवसाय कर नाही. तिच्याबरोबर लागलेल्या पुरुष शिक्षकाचे दर महिन्याला दोनशे कापले जातात, तिचे तेवढे वाचतात. तर सोळा म्हणजे सोळा. त्यातून सात भाड्याला गेले की जवळपास चव्वेचाळीस टक्के झाले.

खोली कशी होती, ते तिने मोबाइलवर दाखवलं. कर्जत स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, वन आरके, टाइल्स, ओटा, खिडकीतून डोंगर. डिपॉझिट तीस हजार, एजंटची दलाली एक महिन्याचं भाडं. खोली छानच होती. मी म्हटलं, "तुला आवडली म्हणून घेतेयस का?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "याआधी तीन ठिकाणी नाव सांगितल्यावर 'घरात विचारून कळवतो' म्हणाले. कुणी कळवलं नाही. हे पहिले, जे हो म्हणाले."

मी लिहायला बसले ते या वाक्यासाठी.

आधी हिशोबाचं बोलू. आजकाल कुणालाही विचारा, मोबाइलवर शोधा, उत्तर एकच येतं: पगाराच्या तीस टक्क्यांपर्यंत भाडं ठीक. तिनेही शोधलं होतं. सोळा हजारांचे तीस टक्के म्हणजे ४,८००. "पण आपा, तेवढ्यात मिळतं कुठे?" हा तिचा पुढचा प्रश्न. मला मात्र वेगळाच प्रश्न पडतो: हे तीस टक्के आले कुठून?

ते आले अमेरिकेतून. तिथे सरकारी वसाहतींत राहणाऱ्या गरिबांची भाडी १९६० च्या दशकात इतकी वाढली, की काहींच्या कमाईचा मोठा हिस्सा भाड्यातच जाऊ लागला. तेव्हा एडवर्ड ब्रुक या मॅसॅच्युसेट्सच्या कृष्णवर्णीय सिनेटरच्या पुढाकाराने १९६९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली: सरकारी घरातल्या भाडेकरूकडून उत्पन्नाच्या पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त भाडं घ्यायचं नाही. १९८१ मध्ये सरकारने खर्च वाचवायला ती मर्यादा तीसवर नेली. म्हणजे मूळ नियम होता पंचवीसचा, आणि तो गरिबाला वाचवण्यासाठी घातलेलं कुंपण होता. "इतकं तर द्यावंच" असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. आपल्याकडे येईपर्यंत कुंपणाचा रस्ता झाला.

दुसरं असं, की टक्केवारीला पोट नसतं. लाखभर पगार असलेल्याने तीस हजार भाडं दिलं तर त्याच्याकडे सत्तर उरतात. सोळा हजारवालीने तीस टक्के दिले तर उरतात ११,२००. पण तूरडाळ दोघांना एकाच भावाने मिळते. मायकल स्टोन या अमेरिकी अभ्यासकाने याच गोष्टीवर पुस्तक लिहिलं आणि तिला 'शेल्टर पॉव्हर्टी' म्हटलं: छप्पर तर मिळालं, पण छपराचे पैसे दिल्यावर बाकी गरजांना पुरेल एवढं उरलं नाही, अशी गरिबी. त्याचं म्हणणं साधं आहे. आधी बाकीच्या गरजा मांडा, मग घराला काय उरतं ते बघा. आमच्या अम्मीने कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं, पण महिन्याच्या पगाराच्या पुड्या ती याच क्रमाने बांधायची. भाड्याची पुडी शेवटी.

तर आम्ही पुड्या बांधल्या.

घरी पाठवायचे चार हजार. तिचे अब्बा पॉवरलूमवर कामाला, वय झालंय, धाकटा भाऊ शिकतोय. मी म्हटलं, "यात काटछाट होईल?" ती म्हणाली, "नाही." मग तो आकडा मी पेनने पक्का केला. खाणं साडेतीन हजार, ते स्वतः रांधलं तर. डबा लावला तर यात भागत नाही. शाळेत जाण्या-येण्याला नऊशे, लोकलचा पास आणि पुढे शेअर रिक्षा धरून. लाइट, गॅस आणि मोबाइल मिळून आठशे. दोन महिन्यांतून एकदा मालेगावची फेरी: कर्जतहून कल्याण, तिथून मनमाडची गाडी, मनमाडहून एसटी. तिचे महिन्याला सहाशे धरले. कपडालत्ता, औषध, साबण यांना सातशे. शेवटी दीड हजार बाजूला.

"हे दीड हजार कशाचे?" तिने विचारलं.

"मानधन उशिरा येईल त्या महिन्याचे."

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय. नोकरीत वर्षभर राहिलेला कुणीही शिक्षक हे वाचून हसणार नाही. मानधन ठरलेल्या तारखेला येईल, असं गृहीत धरून केलेला हिशोब हा हिशोबच नव्हे. भाडं मात्र ठरलेल्या तारखेलाच द्यावं लागतं.

बेरीज बारा हजार झाली. उरले चार हजार. मेंटेनन्स, पाणी, सगळं धरून चार हजार. बरोबर पंचवीस टक्के. हा योगायोग आहे, त्याच्या घरी आजारपण असतं तर तीनच उरले असते आणि एकटीचाच खर्च असता तर आठ.

सात हजारांची खोली घेतली तर दर महिन्याला तीन हजार कमी पडणार होते, अकरा महिन्यांत तेहतीस हजार. आणि आत पाऊल टाकायच्या आधी डिपॉझिट तीस, दलाली सात आणि पहिलं भाडं सात, असे चव्वेचाळीस हजार. पावणेतीन महिन्यांचं मानधन, जे अजून एकदाही हातात आलेलं नव्हतं. ते कुठून आणणार होतीस, असं विचारलं तर म्हणाली, "अम्मीचे कंगन."

इथे मला माझं आठवलं.

२००६ साल. माझं बीएड नुकतंच झालेलं. खोपोलीत एका विनाअनुदानित शाळेत लागले होते, पगार साडेतीन हजार. खोली शोधताना नावामुळे नकार मिळत गेले, ते मोजले नाहीत. शेवटी एका बाईंनी हो म्हटलं. भाडं अठराशे. पगाराच्या अर्ध्याहून जास्त. मी एक शब्द बोलले नाही, उलट दुसऱ्या दिवशी ईदची शीरखुर्मा-वाटी द्यावी तशी मिठाई घेऊन गेले. वर्षभराने त्यांनी दोनशे वाढवले, मी दिले. मोटर बिघडली की पाणी खालून भरायचे, बोलले नाही. कारण मनात एकच होतं: यांनी आपल्याला घर दिलं, हा एहसान आहे. खरं तर त्यांनी घर भाड्याने दिलं होतं आणि मी भाडं वेळेवर देत होते. त्यात एहसान कुणाचा कुणावर नव्हता. बाई वाईट नव्हत्या. जास्त भाडं मीच कबूल केलं होतं, आनंदाने.

दोन वर्षं संध्याकाळी शिकवण्या घेतल्या. शिल्लक शून्य. तिसऱ्या वर्षी अब्बांचं ऑपरेशन झालं. तिघा भावंडांनी पैसे काढले. माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं. अब्बा काही बोलले नाहीत. पण रुग्णालयाच्या बाकड्यावर बसून मी पहिल्यांदा चोवीस महिन्यांचं भाडं बेरीज करून पाहिलं, आणि सहाशे रुपये कमीची खोली घेतली असती तर किती उरले असते तेही. चौदा हजार. आज हा आकडा छोटा वाटतो. त्या दिवशी छोटा नव्हता.

म्हणून मी त्या मुलीला म्हटलं, "हो म्हणाले म्हणून सात हजार देऊ नकोस. आवडली आणि परवडली तरच दे."

नावामुळे घर न मिळणं ही काही आपल्या मनाची कल्पना नाही. दिल्ली परिसरात संशोधकांनी भाड्याच्या जाहिरातींना वेगवेगळ्या नावांनी प्रतिसाद पाठवून पाहिलं, तेव्हा मुस्लिम नावांना परतीचे फोन स्पष्टपणे कमी आले. आपण ते आयुष्यात पाहतो, त्यांनी मोजून दाखवलं. पण याचा पैशांतला परिणाम आपण फारसा बोलत नाही. दहा खोल्यांपैकी सात आपल्यासाठी बंद असतील, तर उरलेल्या तीनमध्ये घासाघीस करायची आपली ताकद जाते. मग आपण दोन रीतींनी किंमत देतो: जास्त भाडं, नाहीतर लांबचं, ओलीचं, अंधारं घर.

आणि याचा फायदा फक्त परकेच घेतात असं नाही, हेही लिहिलं पाहिजे. आपल्या मोहल्ल्यातल्या घरमालकालाही ठाऊक असतं की या पोरीला बाहेर कुणी खोली देणार नाही. मग गळक्या पत्र्याच्या खोलीचं भाडंही चढतं. वर एकटी मुलगी म्हटली की इथेही कपाळाला आठ्या. त्या दिवशी दुपारी आम्ही ओळखीच्या एका घरी विचारलं, तर उत्तर आलं, "भाऊ किंवा अब्बा सोबत राहणार असतील तर बघू." दीनचं नाव घेऊन सलाम केला, खोली नाही दिली.

कर्जतचं आणखी एक आहे. इथली भाडी इथल्या पगारांवर ठरत नाहीत. मुंबईहून लोकल थेट येते, शनिवार-रविवार लोक डोंगर बघायला येतात, अनेकांनी इथे दुसरं घर घेऊन ठेवलंय. माझ्या घरासमोरच्या इमारतीत संध्याकाळी चार-पाच खिडक्यांत दिवा दिसतो, बाकी कुलूपं. पनवेल-कर्जत नव्या उपनगरी मार्गाचं काम सुरू झाल्यापासून तर प्रत्येक एजंट त्या गाडीचं भाडं आजच लावतो. मुंबईचा पगार असलेल्याला सात हजार स्वस्त वाटतात, त्यामुळे दर तोच धरला जातो. सरकारी घरभाडे भत्ता मात्र उलट्या दिशेने चालतो. सातव्या वेतन आयोगात तो सुरुवातीला मोठ्या शहरात मूळ वेतनाच्या २४ टक्के आणि आपल्यासारख्या भागात ८ टक्के ठरला. महागाई भत्ता वाढेल तशी ही टक्केवारी वर सरकते, पण फरक तिपटीचाच राहतो. बीएड झालेल्या माध्यमिक शिक्षकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ३८,६००. त्यावर त्या सुरुवातीच्या दराने मुंबईत ९,२६४ होत, इथे ३,०८८. वर "मुख्यालयी राहा" हा आग्रह वेगळाच. आणि शिक्षणसेवकाला तर शून्य.

मग चार हजारांत करायचं काय? आम्ही पर्याय मांडले.

अडीच हजारांची एक खोली होती, उल्हास नदीच्या बाजूला. मी नको म्हटलं. २६ जुलै २००५ ज्यांनी इथे पाहिली त्यांना कारण सांगावं लागत नाही. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, तीही याच नदीच्या पुरात. भिजलेली गादी, पीठ आणि सर्टिफिकेटांची फाइल यांची किंमत भाड्यात मिळवली तर ती खोली स्वस्त राहत नाही.

दुसरा पर्याय एका एजंटने सुचवला: 'हेवी डिपॉझिट'. दीड लाख ठेवा, भाडं नाही, जाताना पैसे परत. मुंब्रा-कुर्ल्याकडे हा प्रकार पुष्कळ चालतो. भाड्याच्या बदल्यात वापरायला दिलेली रक्कम म्हणजे कर्जावरचा फायदाच, म्हणून अनेक आलिम त्याला नापसंत करतात. तो विचार ज्याचा त्याने करावा. मी फक्त हिशोबाचं विचारलं: दीड लाख आणणार कुठून? उसने किंवा सोनं गहाण टाकून. आणि परत करायच्या दिवशी घरमालकाकडे नसले तर?

तिसरा पर्याय भागीदारीचा. तोच टिकला. तिच्याच तालुक्यात, मराठी शाळेवर, लातूरची एक शिक्षणसेविका लागली होती. ती पण सोळा हजारवाली, ती पण एकटी आणि एकटी म्हणूनच तिलाही नकार मिळालेले. दोघींनी कर्जत सोडून खोपोलीकडे शोधलं. कर्जत-खोपोली लोकल थोड्याच, एक चुकली की फलाटावर बसून राहावं लागतं. त्यापेक्षा शाळेच्या बाजूला राहिलेलं बरं, आणि प्रवासाचेही थोडे वाचतात. एका जुन्या चाळवजा इमारतीत दोन खोल्या मिळाल्या, सगळं धरून साडेसहा हजार. प्रत्येकीला ३,२५०. डिपॉझिट पंधरा हजार, दोघींत. घरमालक कारखान्यातून निवृत्त झालेले काका. त्यांनी दोघींची नावं विचारली, ऐकली आणि पुढचा प्रश्न केला, "पगार कितव्या तारखेला होतो?"

मला तो माणूस तिथेच आवडला. घरमालकाने विचारायचा प्रश्न हाच.

मग करार. काका म्हणाले, "अकरा महिन्यांचाच आहे, रजिस्टर कशाला?" पुष्कळांचा हाच समज असतो. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे काकांना सांगितलं तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "मग करूनच टाकू." मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं दहा टक्के व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का, म्हणजे दोनशेच्या आत. नोंदणी फी नगरपरिषद हद्दीत हजार, ग्रामीण भागात पाचशे. ऑनलाइन करून देणाऱ्याने वर थोडे घेतले. दोघींची नावं करारात. बँकेला, गॅसला, सगळीकडे तोच कागद चालला.

ते घर काही स्वप्नातलं नाही. पाणी सकाळी तासभर येतं. खिडकी समोरच्या भिंतीवर उघडते, डोंगर दिसायला गच्चीवर जावं लागतं. रमजानमध्ये सहरीला ही उठली की ती कूस बदलते, आणि तिच्या उपवासाच्या दिवशी साबुदाण्याचं पातेलं वेगळं ठेवायचं हे हिला शिकावं लागलं. एकदा कांद्याच्या वासावरून आठवडाभर अबोलाही झाला. हेही भाड्यात धरायचं असतं.

जानेवारीत तिचा फोन आला. मानधन दोन महिने आलं नव्हतं. मी विचारलं, "भाडं?" म्हणाली, "दिलं, आपा. तुमचे दीड-दीड हजार साठले होते, त्यातून दोन्ही महिन्यांचं दिलं. काकांना सांगावंही लागलं नाही." मग जरा थांबून म्हणाली, "घरी मात्र एका महिन्याचे पाठवता नाही आले."

मी म्हटलं, "अब्बा काय म्हणाले?"

"म्हणाले, तू जेवतेस ना?"

कंगन अजून अम्मीच्या हातात आहेत.